पार्किंगमध्ये पाणी येतं, पाऊस नसताना

बांधावरून : वाचकांचे प्रश्न, मोजणीदाराची उत्तरं

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मी हडपसरच्या मळ्यांबद्दल थोडं लिहिलं होतं. वाटलं, चार म्हातारे फोन करतील आणि विषय संपेल. आली ती पत्रांची चळत. निम्मी पत्रं तर हडपसरात ऊस फक्त रसवंतीवर पाहिलेल्यांची. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो : माझा जन्म १९५१चा, कालवा आणि सोलापूर रस्ता यांच्या मधल्या एका मळ्यातला. नोकरी भूमी अभिलेख खात्यात. कागदावर पदाचं नाव भूकरमापक, गावात मोजणीदार. मला दुसरं आवडतं. २००९ला निवृत्त झालो, मोजणीची साखळी कार्यालयात जमा केली. आता आलेल्या पत्रांपैकी सहा घेतो.

प्रश्न : आमची इमारत हडपसरमध्ये कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी झिरपतं. पावसाळ्यातलं समजू शकतो, पण एप्रिल-मेमध्येही येतं, दोन-तीन आठवडे राहतं आणि आपोआप जातं. तीनदा वॉटरप्रूफिंग केलं. वॉचमन म्हणतो, इथं विहीर होती. खरं असेल का?
– एका सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, तुमचा वॉचमन निम्मा बरोबर असावा. विहीर असेलही. पण भर उन्हाळ्यात येऊन दोन-तीन आठवड्यांनी जाणारं पाणी हे विहिरीचं नुसतं नाही, ते आवर्तनाचं आहे. खडकवासला धरणातून दौंड-इंदापूरच्या शेतीसाठी उन्हाळी पाळी सुटते, ती तुमच्या डोक्यावरच्या कालव्यातून जाते. कालवा जागोजाग पाझरतो आणि ते पाणी उताराकडे सरकतं. उताराकडे पूर्वी आमच्या विहिरी होत्या, आता तुमच्या गाड्या आहेत.

आमचे वडील सांगायचे, पाट (म्हणजे हाच कालवा) सुटला की तिसऱ्या दिवशी विहीर वर येते. आम्ही पोरं खरंच मोजायचो. विहिरीच्या आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या, त्यातली कुठली बुडाली ते बघायचं. उलटं काय होतं तेही पाहिलंय. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडला. पुण्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे पूर आला नाही, आमच्याकडे पाणी यायचं थांबलं. कालव्याला पाणी देणारं धरणच उरलं नव्हतं. पाऊस होता तोवर निभावलं, पण त्या हिवाळ्यात आमची भरवशाची विहीर हात-हातभर खाली जायला लागली. तेव्हा घरातल्यांना कळलं की ज्याला आपण आपल्या विहिरीचं पाणी म्हणतो ते पाटाचंच आहे. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची चामडी पिशवी, मोडीत काढायचं ठरलं होतं, ती पुन्हा जुंपली. मी दहा वर्षांचा होतो. मोटेच्या नाड्यावर (दोरावर) बसून धावेच्या, म्हणजे बैलांच्या वाटेच्या, उतारावरून खाली जायचं, हे माझं त्या वर्षीचं काम आणि करमणूकही.

आता तुम्ही काय करायचं. पार्किंगच्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारा आणि पाणी कुठल्या तारखेला दिसलं, कुठल्या तारखेला गेलं ते वहीत लिहा. आवर्तन कधी सुटलं, कधी बंद झालं याच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात, त्याच्याशी ताडून बघा. दोन उन्हाळे जुळले की वॉटरप्रूफिंगवाल्याला चौथ्यांदा बोलावू नका.

विहिरीचं बघायचं असेल तर तुमच्या इमारतीचा मूळ सर्व्हे नंबर काढा आणि भूमी अभिलेख कार्यालयात त्याचं टिपण आणि फाळणी नकाशाची नक्कल मागा. टिपण म्हणजे मोजणीदारानं शेतात उभं राहून काढलेला कच्चा आराखडा. त्यात बांध, दगड, झाड, विहीर सगळं अंतरासह असतं. विहीर बुजवणं सोपं वाटतं. राडारोडा टाकला, वर काँक्रीट ओतलं, झालं. पण विहीर म्हणजे खड्डा नव्हे, झऱ्यांची एकत्र यायची जागा आहे ती. खड्डा बुजतो, झरे बुजत नाहीत. माझं ऐकाल तर त्या कोपऱ्यात चार फुटांची टाकी खोदा, पाणी तिच्यात येऊ द्या आणि पंपानं बागेला, संडासच्या टाक्यांना वापरा. उन्हाळ्यात टँकरचे पैसे वाचतील. खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. तसं झालं तर ही उन्हाळ्यातली भेट बंद होईल आणि मग तुम्हीच पत्र लिहाल की बोअर आटली.

प्रश्न : माझी आजी ९१ वर्षांची आहे. तिला आता कालचं आठवत नाही, पण ‘गाडीतळापासून तिसऱ्या मोरीच्या खाली आमचं गुऱ्हाळ’ एवढं रोज सांगते. मी गुऱ्हाळ कधीच पाहिलेलं नाही. ते काय असायचं, आणि ती जागा सापडेल का? तिला एकदा न्यायचं आहे.
– एक नात

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रासाठी मला सगळं पान द्यायला आवडलं असतं.

गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची जागा. दिवाळी झाली की आमच्याकडे गुऱ्हाळं पेटायची, ती थेट शिमग्यापर्यंत. मळ्याच्या एका कडेला, रस्त्याला धरून, पाचटाचं खोपट. बाहेर ऊस पिळायचा चरक. माझ्या आजोबांच्या वेळी तो बैल ओढायचे, माझ्या वेळी ऑइल इंजिन आलं होतं. त्याची टुकटुक रात्रभर चालायची आणि ती थांबली की झोप मोडायची. चरकातून निघालेला रस आत काहिलीत. काहील म्हणजे इतकी मोठी लोखंडी कढई की आम्हाला तिच्याजवळ खेळायची सक्त बंदी होती. खाली चुलवण. त्यात जळण उसाचंच, रस काढून वाळवलेलं चिपाड. चुलवणाच्या तोंडाशी बसणारा माणूस पोटात घास घालावा तसा सारखा चिपाड सारत राहायचा. त्याच्या पिंडरीचे केस जळून गेलेले असत.

सगळ्यात मान गुळव्याला. तो मालक नव्हे, मजूरही नव्हे. मालकाला ‘थांबा’ म्हणू शकणारा एकटा माणूस. रस उकळायला लागला की वर मळी येते, ती तो काढत राहायचा. रस स्वच्छ व्हावा म्हणून रानभेंडीचं झाड ठेचून त्याचा चीक घालायचे. मग रसाचा रंग बदलायचा, बुडबुडे मोठे आणि जड व्हायचे. त्या वेळी गुळव्या पाण्यात बुडवलेल्या हातानं काहिलीतला थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात धरायचा आणि बोटांनी गोळी वळून पत्र्याच्या डब्यावर मारायचा. गोळी टण्णकन वाजली की चौघं काहिलीला बांबू लावून उचलायचे. एक क्षण उशीर झाला तर अख्खं आधण करपलं, घाई झाली तर गूळ मऊ. थर्मामीटर कुणी पाहिला नव्हता. वाफ्यात ओतायचं, लाकडी फावड्यानं ढवळायचं, ढेपा पाडायच्या.

आम्हाला काकवीचा तांब्या मिळायचा. चुलवणाच्या राखेत पुरलेली रताळी मिळायची. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसे. रस्त्यानं जाणारा कुणीही येऊन पोटभर रस प्यायचा. ‘गुऱ्हाळावर आलेला कोरडा जाऊ नये’ असं आई म्हणायची, आणि रात्री वडील हिशोब करताना याच गोष्टीवरून कुरकुरायचे. माझ्या लहानपणी बऱ्याच मळ्यांत ४१९ नंबरचा ऊस. पुंड्या ऊस मी घरच्यांच्या बोलण्यातच जास्त ऐकला. तो इतका मऊ की दातांनी सहज सोलायचा. कोल्ह्यांनाही तोच आवडायचा. हडपसरमध्ये रात्री कोल्हे ओरडायचे, हे आता सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात.

जागेचं. मोरी म्हणजे कालव्याखालून ओढा किंवा वाट काढून दिलेली दगडी कमान. आजी गाडीतळापासून मोजते, पण कुठल्या दिशेनं हे तिला थेट न विचारता ताडायचं असेल तर एक युक्ती : तिला विचार, गुऱ्हाळावर उभं राहिलं की सूर्य कुठून उगवायचा, गाडीतळाच्या अंगानं की उलट बाजूनं? म्हाताऱ्या माणसांच्या दिशा चुकत नाहीत, नावं चुकतात. मग कालव्याच्या कडेनं चालत जा. काही मोऱ्या अजून आहेत, काहींच्या तोंडाशी कचरा आहे. आमचं गुऱ्हाळ होतं तिथं इमारतीचा पाया खणताना मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. जेसीबीनं लाल मुरमाच्या वर काळ्या राखेचा हातभर थर उघडा केला. ड्रायव्हर म्हणाला, काका, इथं आग लागली होती का? मी म्हटलं, हो, पन्नास-साठ वर्षं लागलेली होती.

आजीला नेशील तेव्हा दुपारी नको, संध्याकाळी ने. आणि थोडा गूळ बरोबर घे.

प्रश्न : मगरपट्टा, सातववाडी, माळवाडी, गाडीतळ... या नावांत शेती लपली आहे का? की उगाच?
– बस क्रमांकांचा अभ्यासक

उत्तर : उगाच काही नाही. पट्टा म्हणजे जमिनीची लांबट पट्टी, आणि तिच्या मागे लागलेलं नाव त्या घराण्याचं. वाडी म्हणजे गावठाणापासून सुटून मळ्यात राहायला गेलेल्यांची वस्ती. ससाणेनगर, गोंधळेनगर ही त्याच गोष्टीची नवी आवृत्ती : आडनाव जुनं, ‘नगर’ नवं.

गाडीतळाचं सांगतो. तळ म्हणजे मुक्काम. बैलगाड्या थांबायच्या म्हणून गाडीतळ. आता तिथं बस थांबतात, तेव्हा नाव अजूनही चुकलेलं नाही. भाजीची गाडी मध्यरात्री जुंपायची, कारण उजाडायच्या आत पुण्याच्या मंडईत पोचलं पाहिजे. बैलांना रस्ता पाठ. गाडीवान आडवा व्हायचा, आखाखाली कंदील हलत राहायचा. लष्कर (पुण्याचा कॅम्प भाग) ओलांडलं की जकात नाक्यावर त्याला उठवायचे. १८८६मध्ये मंडईची ती दगडी इमारत उघडली तेव्हापासून चार पिढ्यांनी हीच झोप काढली. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्याहून निघून इथपर्यंत एका रस्त्यानं येतात. मग माउलींची दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. मळेवाल्यांच्या घरांत भांडण व्हायचं ते यावरून की यंदा पिठलं-भाकरी कुठल्या दिंडीला.

प्रश्न : तुमचा लेख वाचून वैताग आला. जमिनी कुणी हिसकावल्या नाहीत, शेतकऱ्यांनीच विकल्या. कोट्यधीश झाले. आता हे हिरवं-हिरवं रडगाणं कशासाठी? आम्ही ईएमआय भरतो, आम्ही परके नाही.
– आयटीत काम करणारा एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मला सगळ्यात जास्त पटलं, म्हणून उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट. हडपसर म्हणजे अनादि काळापासून हिरवंगार आणि मग शहरानं येऊन खाल्लं, असं मी लिहिलं असेल तर ते चूक. २५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला तो हडपसरच्या रानात. घोडदळाची लढाई उसात होत नाही. म्हणजे तेव्हा इथं मोकळं जिराईत रान होतं. बाजरी, ज्वारी, थोडी मटकी, आणि पावसाकडे डोळे. ऊस आला तो खडकवासल्याचं धरण आणि उजवा कालवा झाल्यावर, म्हणजे १८७०च्या दशकानंतर. ते धरण नुसतं शेतकऱ्यांच्या प्रेमापोटी बांधलं नव्हतं, पुणे शहराला आणि लष्कराच्या छावणीला पाणी हवं होतं. शहरानं पाणी आणलं, त्यातलं आम्हाला मिळालं. खतही शहराचंच. नगरपालिकेचं सोनखत (नाकाला रुमाल लावा, मैलाच तो) गाड्या भरभरून या मळ्यांत पडायचं, त्यावर ऊस पोसायचा. आजोबा म्हणायचे, पुण्याचं खाल्लेलं हडपसरला आणि हडपसरचं पिकलेलं पुण्याला. शेजारी मांजरीत सरकारी फार्मवर उसाचे प्रयोग चालायचे. तेव्हा हा मळा शहराचाच लेक होता. बापानं वाढवला, बापानंच मोडला. वय जेमतेम सव्वाशे वर्षं. माझी तक्रार मोडण्याबद्दल कमी आहे, हिशोबाबद्दल जास्त आहे.

आता विकण्याचं. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी अभ्यास केला होता, तो १९१७ला छापून आला. त्यात एक आकडा आहे : १७७१मध्ये तिथल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४० एकर होते, १९१५ला उरले ७. पिंपळे सौदागरही आज टॉवरांचं गाव. पण लक्षात घ्या, तुकडे इमारतींनी नाही केले, वाटण्यांनी केले. साखळी घेऊन मी असे कितीतरी बांध मोजलेत जिथं दोन भावांचे वाफे एका औताच्या वळणाएवढेही नव्हते. त्यात १९७६चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. पुण्यात एक हजार चौरस मीटरच्या वरची मोकळी जागा सरकारजमा होण्याची भीती, आणि आराखड्यात शेती शहरी वापरासाठी दाखवली की तीही ‘मोकळी’ धरली जायची. मग लोकांनी घाबरून गुंठ्या-गुंठ्यानं, साध्या स्टँपवर विकून टाकलं. हा कायदा महाराष्ट्रानं २००७मध्ये रद्द केला. तोवर मळा गुंठेवारीत गेला होता. अरुंद बोळ, ज्यातून रुग्णवाहिका जात नाही, ते या भीतीचं फळ आहे.

मगरपट्ट्यात वेगळं झालं. तिथं सुमारे १२० कुटुंबांनी मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा धरला. साधारण २००० सालापासून काम सुरू झालं. मोजणीदार म्हणून मला त्यात सगळ्यात थोर वाटली ती गोष्ट कागदावर दिसत नाही : १२० घरांनी एकमेकांचे बांध एका झटक्यात सोडले. बांधासाठी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. हे लोक माझ्या मते आमच्यापेक्षा शहाणे.

आमचं काय झालं ते सांगतो, म्हणजे रडगाणं कुठलं ते कळेल. आम्ही १९९६ला विकलं. पैसे आले, कोट्यधीश वगैरे नाही, पण आले. धाकट्या भावाला शेतीच करायची होती. त्यानं दौंडकडे याच कालव्याच्या शेपटाला जमीन घेतली, इथल्याच्या कितीतरी पट. आणि पाणी? वरच्या अंगाला शहर वाढलं, आवर्तनं कमी झाली. म्हणजे इथं जमीन विकून ज्याला घर दिलं, त्यानंच नळ सोडून तिथलं पाणी घेतलं. यात तुम्ही दोषी नाही, अंघोळ सगळेच करतात. पण भाऊ फोनवर विचारतो, ‘आज तुमच्याकडे पाणी आलं का रे?’ तेव्हा मला काय उत्तर द्यावं सुचत नाही.

आणि आमची बहीण. तिचं लग्न १९७४चं. विक्रीच्या आधी तिनं हक्कसोडपत्रावर सही केली, बदल्यात साडी आणि माहेरपण. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारा राज्याचा कायदा १९९४ला आला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना तो लागू नव्हता. ती अट गेली २००५च्या केंद्राच्या कायद्यानं, आणि त्या कायद्यानं २० डिसेंबर २००४च्या आधीचे व्यवहार जसेच्या तसे ठेवले. कायद्यानं आमचं काही चुकलं नाही. मी त्याच खात्यात होतो, मला नियम तोंडपाठ होते. मी गप्प बसलो.

तिसऱ्या लोकांचं तर नावच कुठं नाही. खुरपायला, भाजीच्या जुड्या बांधायला येणाऱ्या बाया. मेथीची जुडी बांधायची तर पाऊस असो की थंडी, पहाटे तीनपासून ओल्या पाल्यात हात. सातबाऱ्यावर त्या नव्हत्या, म्हणून विक्रीच्या कागदावरही नव्हत्या. एका हंगामात त्यांचं काम संपलं आणि कुणी त्यांना तसं सांगितलंसुद्धा नाही. आमच्याकडे वीस वर्षं आलेली एक बाई पुढे आमच्याच मळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत धुणीभांडी करत होती. लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, ‘आबा, हितं आपलं वांगं व्हतं.’

‘आपलं’ म्हणाली ती. हा शब्द खरेदीखतात कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नाही.

तुम्ही परके अजिबात नाही. पण शहरानं दिलेलं आणि घेतलेलं दोन्ही मांडलं पाहिजे. पूर्वी ते सोनखत पाठवायचं, नंतर उरुळी देवाची-फुरसुंगीला कचरा पाठवायला लागलं. तिथल्या विहिरींचं पाणी पिऊन बघा म्हणणार नाही, नुसतं रंग बघून या.

प्रश्न : माझ्या फ्लॅटच्या जागेवर नेमकं काय पिकायचं हे कुठे बघता येईल?
– नुकतेच रिटायर झालेले एक गृहस्थ

उत्तर : लोक सातबारा म्हणतात तेव्हा त्यांना फक्त सात कळतो, म्हणजे मालक कोण. गंमत बारात आहे. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद : कुठल्या वर्षी, कुठल्या हंगामात, किती क्षेत्रात काय. जुने हस्तलिखित उतारे स्कॅन करून सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर घातलेले आहेत. गाव आणि सर्व्हे नंबर टाकून बघा, नाहीतर तलाठी कार्यालय गाठा. ‘ऊस २० गुंठे, लसूणघास ५, मका, पड’ अशा ओळी मिळतील (पड म्हणजे न पेरलेलं रान). लसूणघास दिसला तर समजा घरात म्हशी होत्या. एखाद्या साली सगळीकडे ‘पड’ दिसलं तर त्या साली पाणी आलं नाही किंवा भावाभावांचा दावा चालू होता. अक्षर लागत नसेल तर उताऱ्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून देईन. तलाठ्याचं अक्षर आणि डॉक्टरचं अक्षर यात मला तलाठ्याचं सोपं वाटतं.

प्रश्न : मी पाचवीत आहे. आबा, एक गुंठा म्हणजे केवढा? आमच्या घरात किती गुंठे मावतील? मला शेती करायची आहे.
– एक विद्यार्थी

उत्तर : शाब्बास. आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ कर. १०८९ चौरस फूट आले ना? आता बाबांना विचार, आपलं घर किती चौरस फुटांचं. टू बीएचके असेल तर साधारण एका गुंठ्याच्या आसपास येईल. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो.

तुमची एक गाडी उभी राहते ना, तेवढ्या जागेत आमची आई मेथीचे दोन वाफे करायची आणि घरच्या अकरा माणसांना पुरून शेजारी द्यायची. तुझ्याकडे बाल्कनी असेल. फळांचं लाकडी खोकं घे, तळाला भोकं असलेलं. माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. मेथीचे दाणे रात्रभर भिजव, दाट फेक, वर बोटाच्या पेराएवढी माती. पाणी हातानं शिंपड, पाइप लावू नको, दाणे वाहून जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी माती तडकलेली दिसेल. तेव्हा हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपट, मुळं धू आणि एक जुडी बांध. बांधायला रबरबँड नको, केळीचा सोप (खोडाची साल) किंवा ओली सुतळी. कशी बांधायची ते तुमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एखाद्या आजीला विचार. तिला येत असेल.